तड्याच्या टोकाला भोक

खडकी बाजारातल्या गल्ल्यांची रुंदी टांग्याच्या हिशोबाने ठरवली असावी, असं गाडी मागे घेताना मला दर वेळी वाटतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी, भाजीच्या दोन पिशव्या मागच्या सीटवर टाकल्या आणि रिव्हर्स घेतला. मागे दगड होता. गुडघ्याएवढा, चुना फासलेला, छावणीच्या हद्दीत असतात तसला. आरशात तो दिसला नाही, ऐकू आला.

पत्र्याला धक्का बसला की 'धप्प' होतं. हा आवाज 'कटक्' असा होता, भाजलेला पापड मोडल्यासारखा. उतरून पाहिलं. मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर लांब तडा गेला होता. चाकाच्या कमानीपाशी तोंड उघडून तो तिरका वर चढत लाल रिफ्लेक्टरच्या खाली संपला होता. डाव्या कोपऱ्यातही बोटभर चीर सापडली, पण ती जुनी असावी, कारण तिच्यात धूळ होती. ती कधी पडली हे घरात कुणी कबूल करत नाही. गाडी चालवणारे आम्ही दोघंच, त्यामुळे चौकशी मी फार ताणली नाही.

तुटण्याच्या बाबतीत खडकीला इतिहास आहे म्हणा. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची फौज इथल्या लढाईला निघाली तेव्हा जरीपटक्याची काठी मोडली आणि फौजेला तो अपशकुन वाटला, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्याकडे निदान बंपरच होता.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने तड्यावर अंगठा फिरवला आणि एका दमात सांगितलं, "काका, हा रिपेअर होत नाही, चेंज करावा लागेल." रंगासकट आठ-नऊ हजार. विम्याचं विचारलं तर त्याने खांदे उडवले. घरी येऊन पॉलिसी वाचायला घेतली. आपण विम्याचे कागद वाचत नाही, पण वाचावेत, कारण प्लॅस्टिकबद्दल समाजाचं खरं मत तिथे लिहिलेलं असतं. नेहमीच्या सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात. गाडी सहा महिन्यांची असो वा सहा वर्षांची, प्लॅस्टिक जन्मतःच अर्ध्या किमतीचं. काचेवर घसारा शून्य. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला वर हजार रुपये सक्तीने आपल्या खिशातून. आणि दावा केला की नो क्लेम बोनस गेला. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पाच वर्षं विनादावा काढली की ५० टक्क्यांपर्यंत चढतो. माझा ५० वर पोचलेला होता. वीतभर तड्यासाठी पाच वर्षांची पुण्याई पणाला लावायची नव्हती. 'झिरो डेप' नावाचं जोडकलम घेतलेलं असतं तर घसाऱ्याचा प्रश्न मिटला असता, पण बारा वर्षांच्या गाडीला ते मागायला जाणं म्हणजे साठीला बाशिंग बांधण्यासारखं आहे.

म्हणून ठरवलं, चिकटवू.

हा निर्णय मी जितक्या सहज घेतला तितक्याच सहज पुण्यातली निम्मी घरं घेत असतील. प्रत्येकाच्या फ्रिजच्या दारात एक चेपलेली, टोकाला सुकलेली ट्यूब असते आणि तिच्यावर आपला अंधविश्वास असतो. मीही त्यातलाच. बंपर ओल्या फडक्याने पुसला, तड्याच्या दोन्ही कडा जवळ आणल्या, इन्स्टंट ग्लूचे थेंब सोडले आणि मनात साठपर्यंत आकडे मोजले. कडा जागच्या जागी बसल्या. नखाने दाबून पाहिलं, दगडासारखं. बायकोला बोलावून दाखवलं. तिने "बरंय की" म्हटलं, आणि तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ.

आठव्या दिवशी बोपोडीच्या बाजूला एका गतिरोधकावर मागची चाकं आपटली आणि तडा पुन्हा उघडला. घरी येऊन खाली वाकून पाहिलं तेव्हा कळलं की नुसता उघडला नव्हता. सुकलेला ग्लू एका कडेवरून अख्खाच्या अख्खा सुटून आला होता, काचेच्या पातळ फितीसारखा. शाळेत असताना आपण तळहातावर फेविकॉल सुकवून त्याची साल काढायचो, हातावरच्या रेषांसकट निघायची, तशी ती फीत निघाली. तिच्यावर बंपरच्या प्लॅस्टिकचा कणही नव्हता. ग्लू तुटला नव्हता, प्लॅस्टिकही तुटलं नव्हतं. दोघांची ओळखच झाली नव्हती.

त्या फितीने मला कामाला लावलं.

माझे वडील इथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत टर्नर होते. १८६९ पासूनचा तो कारखाना. शेजारच्या घरात कुणी ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये लष्कराच्या अवजड गाड्या उघडून परत उभ्या करणारं, पलीकडे कुणी किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये. आमच्या आळीत वस्तू बिघडली की आधी विचारायचे, "कशाची आहे?" बीडाची असेल तर वेगळा इलाज, पितळेची असेल तर वेगळा. बीड वेल्ड करायचं तर आधी तापवावं लागतं, नाहीतर शेजारीच नवा तडा जातो, हे मला दहावीच्या आधी माहीत होतं. चेतक स्कूटरच्या पत्र्याला पोचा आला तर आतून लाकडी हातोडीने हळूहळू काढायचा, मग लांबी भरायची, घासायची, रंग. धातू मऊ असतो, मान वाकवतो, पुन्हा सरळ करता येतो. गळक्या पातेल्याला डाग द्यायला माणूस दारावर यायचा. सुतार सरस उकळायचा, त्याचा वास दोन दिवस जिन्यात राहायचा. १९५९ मध्ये फेविकॉल आलं आणि हळूहळू तो वास गेला, ही त्याची मला वाटणारी सर्वांत मोठी कामगिरी.

एवढ्या शिकवणीत वाढलेला माणूस प्लॅस्टिकच्या बाबतीत मात्र "कशाचं आहे?" हे विचारायला विसरला. प्लॅस्टिक म्हणजे प्लॅस्टिक. भाजीवाल्याकडच्या सगळ्या पालेभाज्यांना 'पाला' म्हणण्यातला हा प्रकार.

उत्तर बंपरवरच लिहिलेलं असतं. मी चार क्लिपा काढून कोपरा सोडवला, आतली बाजू उलटी केली आणि टॉर्च मारला. चिखलाच्या थराखाली, नखाएवढ्या उठावाच्या इंग्रजी अक्षरांत, दोन टोकदार कंसांच्या मध्ये: पीपी प्लस ईपीडीएम, पुढे टी२०. गाड्यांच्या बहुतेक प्लॅस्टिक भागांवर आतून असा शिक्का असतो. तो मुळात भंगारात भाग वेगळे करणाऱ्यांसाठी आहे, पण घरी दुरुस्ती करणाऱ्याला त्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बादलीचं, दोरखंडाचं, टिफिनच्या झाकणाचं प्लॅस्टिक. ईपीडीएम हे रबर, धक्का सोसायला मिसळलेलं. टी२० म्हणजे शेकडा वीस टाल्क, अंगाला लावायच्या पावडरीत असतो तोच मऊ दगड, आकार टिकावा म्हणून भरलेला.

या टाल्कने मला आणखी एकदा फसवलं. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर पीपी, अशी एक घरगुती परीक्षा आहे. माझा तुकडा तांब्यात बुडाला. टाल्कमुळे तो पाण्यापेक्षा जेमतेम जड झाला होता. शिक्का वाचला नसता तर मी त्याला एबीएस नावाचं दुसरंच प्लॅस्टिक समजून पुढच्या चुकीला लागलो असतो.

दुसरी परीक्षा मात्र खोटं बोलत नाही. तड्याजवळचा भाग साबणाने धुतला, कोरडा केला आणि बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवला. अळवाच्या पानावर राहतो तसा तो गोल उभा राहिला. बोट हलवलं तर घरंगळला. शेजारी त्याच गाडीच्या आरशाचं तुटकं कव्हर ठेवलं होतं, त्याच्या आतल्या बिनरंगी बाजूवर थेंब टाकला तर तो पसरून चपटा झाला. चिकटवणं म्हणजे शेवटी ओलं करणं. गोंद कुठलाही असो, सुकण्याआधी त्याला पृष्ठभागावर पसरता आलं पाहिजे, बारीक खाचांत शिरता आलं पाहिजे. जो पृष्ठभाग पाण्याला अंगावर बसू देत नाही तो गोंदालाही देत नाही. मोजमापाच्या भाषेत पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा मीटरमागे साधारण ३० मिलिन्यूटन, इपॉक्सी गोंदाचा पृष्ठताण ४५ च्या आसपास, पाण्याचा ७२. ज्याचा ताण जास्त तो कमी ऊर्जेच्या पृष्ठावर पसरत नाही, स्वतःला आवरून थेंब होऊन बसतो. त्यात पॉलिप्रॉपिलीनची साखळी निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनची, गोंदाला धरायला एकही कडी बाहेर आलेली नाही.

आणि यात प्लॅस्टिकचा दोष काही नाही. बंपर बनवणाऱ्याला हेच हवं होतं. पाऊस, चिखल, ऑइल, कबुतरांची कृपा, काही चिकटू नये, काही मुरू नये. ते ज्या गुणासाठी निवडलं त्याच गुणावर माझी ट्यूब हरली. खुद्द कारखान्यातही बंपरला रंग धरत नाही, म्हणून रंगवण्याआधी त्याच्यावरून आगीची ज्योत झरझर फिरवतात किंवा वेगळं प्रायमर मारतात. ज्योतीने वरच्या थरात ऑक्सिजन शिरतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. एवढी खटपट करणाऱ्या कंपन्यांपुढे मी ओलं फडकं घेऊन उभा राहिलो होतो.

तरी ट्यूबवर फार रागावू नये, तिचा जन्म भलत्याच कामासाठी झाला आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूवर आणि त्याचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट हाताला लागलं, पण ते ज्याला त्याला चिकटायला लागलं म्हणून वैतागून बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये कूवरच्याच हाताखाली फ्रेड जॉयनरने त्याचा थर एका महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये घातला, लोलक कायमचे जोडले गेले, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. बाजारात आलं १९५८ मध्ये. आपल्याकडच्या फेविक्विकपर्यंतचे सगळे झटपट गोंद याच कुळातले. हवेतली आणि पृष्ठभागावरची नुसती ओल लागली की हे सेकंदांत गोठतं. चिनीमाती, बोटं, रबर यांच्यासाठी उत्तम. पण गोठल्यावर ठिसूळ. ओढलं तर धरतं, सोललं किंवा आपटलं तर सुटतं. आणि बंपरच्या नशिबात सोलणं आणि आपटणं एवढंच असतं.

दुसरा उमेदवार अराल्डाइट. त्याची गोष्ट आणखी गमतीची. स्वित्झर्लंडमध्ये पियरे कास्तान नावाचा रसायनतज्ज्ञ १९३०च्या दशकाच्या अखेरीस कवळ्यांसाठी साहित्य शोधत होता. ते त्याचं इपॉक्सी दातांना फारसं उपयोगी पडलं नाही, सिबा कंपनीने घेतलं आणि त्यातून अराल्डाइट आलं. नेमासाठी शोधलेलं एक, कवळीसाठी शोधलेलं दुसरं, आणि दोन्हींची भेट खडकीत माझ्या बंपरवर. इपॉक्सी चिवट असतं, खाच भरतं, लोखंडाला जीव देऊन धरतं. पण पॉलिप्रॉपिलीनपुढे त्याचंही काही चालत नाही. सॅंडपेपरने खरवडून घेतलं तर थोडे दिवस आधार धरेल इतकंच.

त्यात उष्णतेचा हिशोब. दीड मीटर लांबीचा बंपर डिसेंबरच्या पहाटेच्या दहा अंशांपासून एप्रिलच्या उन्हातल्या पन्नास अंशांपर्यंत तापला तर चार-पाच मिलिमीटर लांब होतो. म्हणून तर त्याची स्क्रूची भोकं गोल नसतात, लांबट असतात, त्याला सरकायला जागा ठेवलेली असते. मधेच ताठ गोंदाची एक रेघ बसवली की बंपर लांब होतो आणि रेघ होत नाही.

जुन्या मुंबई–पुणे रस्त्याच्या कडेला 'प्लॅस्टिक वेल्डिंग, बंपर, स्कूटर पॅनल' अशी हाताने रंगवलेली पाटी टेकवून एक गृहस्थ बसतात. चाळिशीचे असतील, मूळचे लातूरकडचे. मी माझी सुटलेली फीत खिशातून काढून त्यांना दाखवली. ते हसले.

"ह्याला ग्लू न्हाय चालत, साहेब. ह्याला ह्याचंच मांस लागतंय."

त्यांच्या शेजारी पोत्यात तुटक्या बंपरांचे तुकडे होते, कात्रीने कापून केलेल्या बोटभर पट्ट्या. तेही तुकडा हातात घेतला की आधी उलटा करतात. शिक्का सापडला नाही तर कोपऱ्याची एक ढलपी चाकूने काढून लायटरवर धरतात. एबीएस काळा काजळीचा धूर सोडतं, पीपी मेणबत्तीसारखं जळतं आणि वासही मेणबत्तीचा. "नाक सांगतंय," ते म्हणाले. मला हे नाक फार दिवस टिकेल असं वाटलं नाही आणि तसं बोललोही. त्यांनी गळ्यातला रुमाल वर ओढून दाखवला, जणू तोच उपाय आहे.

काम पाहत मी तासभर स्टुलावर बसलो. एका मुलाच्या स्कूटरचं पुढचं पॅनल होतं. आतल्या बाजूने त्यांनी स्टीलची बारीक जाळी कापून तड्यावर आडवी ठेवली आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या चपट्या टोकाने प्लॅस्टिकमध्ये बुडवली. इस्त्री फिरवावी तसा हात, पण थांबत थांबत. जाळी आत गेली की वरून पट्टीचं टोक वितळवून तिच्यावर चोळायचं. खालचं प्लॅस्टिक आणि वरचं प्लॅस्टिक दोन्ही एकाच वेळी तकतकीत दिसली पाहिजेत, त्या क्षणी दाबायचं. एकच वितळलं तर ते नुसतं वर बसतं, लापशीवरच्या सायीसारखं. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या थोडं वर वितळतं आणि आयर्न त्याच्या दुपटीने तापलेलं असतं, त्यामुळे हात रेंगाळला की प्लॅस्टिक पिवळं पडून धुरकटतं आणि तो भाग पुढे कुरकुरीत होतो. "करपलं की गेलं," एवढंच ते म्हणाले. स्वयंपाकात जे लागू ते इथेही.

माझा बंपर त्यांनीच केला असता, दोनशे-अडीचशेत. पण मला हातखाज. "तुम्हीच करा की," ते म्हणाले आणि पोत्यातल्या दोन काळ्या पट्ट्या माझ्या हातात ठेवल्या. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

बंपर उतरवून घरी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून बसलो. सोल्डरिंग आयर्न साठ वॉटचं, तपकिरी रेडिओच्या काळातलं, वडिलांचं. आधी तड्याच्या टोकाचा बंदोबस्त करायचा होता. तड्याच्या टोकाशी सगळा ताण एका सुईच्या अग्रावर गोळा झालेला असतो, म्हणून तो थोडक्या धक्क्यानेही पुढे पळतो. टोकाला तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडलं की तो ताण भोकाच्या परिघावर वाटला जातो आणि तडा थांबतो. विमानाच्या पत्र्यावरची चीरही अशीच थोपवतात. अट एकच, भोक अगदी टोकावर पडलं पाहिजे. आणि टोक डोळ्याला दिसतं त्याच्या किंचित पुढे असतं. भिंगातून पाहिलं, तड्यावर खडूची भुकटी चोळून पुसली, तेव्हा ते केसाएवढं टोक दिसलं, रिफ्लेक्टरच्या खाली, मला वाटलं होतं त्याच्या अर्धा सेंटिमीटर पुढे. पहिल्या वेळी या अर्ध्या सेंटिमीटरकडे मी पाहिलंच नव्हतं.

मग आतून व्ही आकाराची खाच, ८० नंबरच्या सॅंडपेपरने. कडा जुळवून बाहेरून रंगाऱ्याची टेप मारली आणि लाकडी चिमटे लावले, दोरीवर कपडे वाळत घालायचे तेच. जाळी, पट्टी, आयर्न. पहिला इंचभर वाईट झाला, करपला, तो खरवडून पुन्हा केला. दुसरा बरा. तिसऱ्या इंचाला हात बसला. दोन्ही थर तकाकले, दाबलं, आणि आयर्न उचलल्यावर जोडाचा मागमूस दिसेना, एकाच कातडीचा भाग झाला. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेला, तोंडावर मास्क. शेजारच्या वहिनींनी तरी "काय जळतंय?" विचारलंच.

बाहेरून रेघ राहिली. ती लांबी भरून, घासून, आधी प्लॅस्टिक प्रायमर मग रंग, असं घालवता आली असती. मी फक्त घासली. अंगठ्याएवढ्या रुंद काळ्या पट्ट्यासारखी ती पांढऱ्या बंपरवर दिसते. गाडी विकायची असती तर गोष्ट वेगळी.

चिकटवण्याची हौस मात्र आरशाच्या कव्हरवर पुरी झाली. ज्याच्यावर थेंब पसरला होता ते. आतला शिक्का एबीएस. हे प्लॅस्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं, आणि विरघळणारं प्लॅस्टिक जोडायला गोंद लागतच नाही, ते स्वतःच स्वतःचा गोंद होतं. जुन्या कीबोर्डची पाठ मोडून तिचे तांदळाएवढे तुकडे काचेच्या लोणच्याच्या बाटलीत टाकले, वर ॲसिटोन, झाकण घट्ट, रात्रभर. सकाळी खळीसारखं दाट झालं. ब्रशने दोन्ही कडांना लावलं, दाबलं, चिमटे. ॲसिटोन उडून गेला आणि मागे राहिलं ते निव्वळ एबीएस, दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या. दुसऱ्या दिवशी मी ते कव्हर मुद्दाम वाकवून पाहिलं. जोड धरून राहिला. दोन सूचना: नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी आणि सुगंध असतो, त्याने हे होत नाही, आणि ॲसिटोन पेट्रोलसारखा पेटतो, देवघर आणि गॅस दोन्हींपासून लांब. तिसरी, माझ्या अंगावर शेकली असती अशी: हीच युक्ती हेडलाइटच्या काचेवर करू नये. ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि ॲसिटोनचा हात लागला की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. नव्या, कायमच्या.

प्लॅस्टिकसाठीचे खास गोंद मिळत नाहीत असं नाही. पॉलिप्रॉपिलीनलाही धरतील असे दोन भागांचे ॲक्रिलिक गोंद आहेत, सायनोॲक्रिलेटच्या आधी मारायचं प्रायमर आहे, लवचीक पॉलियुरेथेन आहे. चांगले आहेत, महाग आहेत, आणि एकदा उघडलेला संच वर्षभर फ्रिजमध्ये पडून वाया जातो. एका कोपऱ्यासाठी ते आणणं मला पटलं नाही. ज्याच्या घरी तीन गाड्या आणि एक उत्साही मुलगा आहे त्याने जरूर आणावेत.

मात्र काही गोष्टींपुढे हातखाज आवरायची. बंपर म्हणजे नुसती बाहेरची कातडी, खरा मार झेलणारी तुळई तिच्या मागे असते. म्हणून कातडी घरी शिवली तरी चालते. रेडिएटरच्या टाकीचं तसं नाही. ती बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते, आत नव्वद-शंभर अंशांचं कूलंट दाबाखाली फिरतं. तिथला तडा इपॉक्सीने बुजवून खंडाळ्याचा घाट चढायला निघालेल्या माणसाची गोष्ट मला त्याच वेल्डिंगवाल्यांनी सांगितली, हसत नाही तर डोक्याला हात लावून. एअरबॅगचं झाकण, ब्रेक ऑइलची कुपी, पेट्रोलची कुठलीही नळी, सीटबेल्टजवळचा भाग, ही यादी मी त्यांच्यासमोर म्हटली. ते म्हणाले, "आन् पार्किंग सेन्सरवाला बंपर." सेन्सरच्या तोंडाशी प्लॅस्टिक जाड झालं की तो खोटं ऐकतो.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पाटावर मांडली. पक्कड, वडिलांचा मायक्रोमीटर, आणि यंदा सोल्डरिंग आयर्नसुद्धा. बायकोने त्याला कुंकू लावलं आणि "हे काय पुजायचं" असं म्हणत एक झेंडूही ठेवला. दसऱ्याला गाडीला तोरण बांधलं तेव्हा तिला तो काळा पट्टा पुन्हा दिसला. फूल लावून झाकावं का, याचा तिने क्षणभर विचार केला आणि सोडून दिला.

डाव्या कोपऱ्यातली बोटभर चीर मात्र मी अजून जोडलेली नाही. तिला फक्त भोक पाडलं आहे, टोकावर, भिंगातून पाहून. आतल्या बाजूला, जिथे धुताना फडकं पोचत नाही तिथे, पांढऱ्या पेन्सिलीने तारीख घातली आहे: १४ जुलै. दर महिन्याला क्लिपा काढून टॉर्च मारतो. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. गणपतीतल्या खड्ड्यांतून गाडी फिरली, दापोडीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये मागून कुणीतरी हळूच टेकवलीही. चीर भोकापर्यंत येते आणि तिथेच असते.